लाल दोऱ्याचं पातेलं

६ मे

भिंगरे,

आशीर्वाद घे, आणि आता कान दे. तुझं पत्र शेजारच्या शिंपीणबाईनं मला वाचून दाखवलं. मी ते पुन्हा वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं, तीच चिडलीय. ती म्हणाली, "नाही हो आजी, कागदावरच चिडलेलं आहे." हे उत्तरही तीच लिहितेय. तेव्हा अक्षराला नावं ठेवायची तर तिला ठेव, मजकुराला ठेवायची तर मला.

महिनाअखेर तुझी ती गाडीवाली मैत्रीण येणार आणि आपल्या दोन्ही कुत्र्यांना, हवालदाराला नि गोटीला, घेऊन जाणार, कायमचं, असं तू लिहितेस. का, तर तिच्याकडे अंगण आहे, भरपूर पगार आहे, आणि आपल्याकडे आजी कुत्र्यांना उरलंसुरलं घालते. हे तुला कुणी सांगितलं? मीच? बरं, मीच सांगितलं असेल. पण अगं, मी बाजारातलं उरलंसुरलं म्हटलं होतं, ताटातलं नव्हे! एका शब्दावरून घरातली दोन तोंडं उचलून द्यायला निघालीस. शब्द उचलायच्या आधी जरा उलटून तरी बघायचा होतास. पण नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि तुमच्या हातात तर पेनही.

तू ठेवून गेलेली ती कुत्र्यांच्या खाण्याची मोठी पिशवी कधीच संपली. नवी आणायला मी स्वतः गेले होते. दुकानदारानं भाव सांगितला तेव्हा म्हटलं, "बाबा रे, मला पिशवी हवीय, दुकान नको." पिशवीवर जो कुत्रा छापलाय तो आपल्या घरातल्या कुणाहीपेक्षा धष्टपुष्ट आहे. असणारच, चित्रातल्याला कुणाच्या पगाराची काळजी! घरचं झालं थोडं आणि नातीनं धाडली कुत्री, अशातली गत. आत तपकिरी मणी. तेही मी अगदी बंद केले नाहीत. सुटे मिळतात, ते थोडे आणते आणि वरून पेरते, म्हणजे पाहुण्याला वाटावं की आपणही बड्या घरचे.

आता माझा बाजार ऐक. मंडई उठायच्या सुमारास मी जाते. तेव्हा भाजीवालीला घर दिसत असतं आणि मला गाजरं. वाकडी गाजरं, कापून ठेवलेला अर्धा भोपळा, हे ती मला उचलून देते, वर म्हणते, "न्या आजी, नाहीतर मला ओझं." कोंबडीवाल्याकडे कलेजी, काळजं, गळे, पाय. पाय उकळायचे, पाणी ठेवायचं, हाडं टाकायची. शिजलेलं हाड कुत्र्याला घालायचं नाही, ते सुरीसारखं फुटतं. कलेजी रोज नाही नि फार नाही. तांदूळ म्हणजे कणी, अंडी म्हणजे तडकलेली, पण त्याच दिवशीची. वास घेतल्याशिवाय घेत नाही. टरफलं धुऊन, भाजून, खलबत्त्यात पीठ करते आणि चिमूटभर घालते. कांदा नाही, लसूण नाही, मीठ नाही. हे सगळं मला त्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं आणि मी ते पाठ केलं. लिहून ठेवायची सोय नसली की माणसाच्या लक्षात राहतं. तू बघ, तुझ्या लक्षात किती राहतं!

हवालदार पहिल्यासारखाच दारात आडवा पडून पहारा देतो. चोर आला तर त्याला ओलांडून यावं लागेल, एवढीच काय ती अडचण. गोटी गाजर बाजूला काढून मांस खाते आणि मग माझ्याकडे असं बघते की मीच गाजर शोधून काढलंय.

तुझ्या बापाचं म्हणशील तर तो तुझ्या पत्रात नसतो आणि तू त्याच्या बोलण्यात नसतेस. काचेच्या कारखान्यात त्यानं चिकटवून दिलेलं पॅकिंगचं काम सोडून तू लिफ्ट दुरुस्त करायला शिकायला निघालीस. लोकांना वर-खाली करणार तू, आणि जीव वर-खाली होतोय आमचा. जाताना तुम्ही दोघं काय बोललात ते मी ऐकलंय. तो म्हणाला, "मग कुत्र्यांचं काय?" तू म्हणालीस, "या घरात मला त्यांचीच तेवढी काळजी आहे." तो म्हणाला, "मग त्यांनाच बाप म्हण." वा रे वा! म्हणजे हवालदार माझा मुलगा झाला. असू दे. निदान तो बोलावलं की येतो तरी.

मैत्रिणीला कळव, गाडीचं पेट्रोल वाचव म्हणावं.

आजी


१५ मे

भिंगरे,

"सिद्ध कर," म्हणतेस. नातीनं आजीला सिद्ध कर म्हणायचे दिवस आले. चला. डॉक्टरीणबाईकडे दोघांना नेऊन आणलं. हवालदाराला काट्यावर चढवायला मी, ती आणि तिथला रखवालदार असे लागलो. बाई म्हणाली, "वजन छान आहे, कातडी छान आहे, काय घालता?" मी सांगितलं. म्हणाली, "असंच चालू ठेवा." मी म्हटलं, "हे जरा माझ्या नातीला फोनवर सांगा." फोन केला तर तू उचलला नाहीस. लिफ्टमध्ये अडकली असशील.

आता जे झालं ते सांगते. हसू नकोस. नाही, हस. इथे कुणी हसेना झालंय.

पातेली दोन, एकाच दुकानातली, जुळ्या बहिणी. एक घरचं, एक कुत्र्यांचं. तू मागं लिहिलं होतंस, कुत्र्यांच्या पातेल्यावर चिठ्ठी चिकटव. चिठ्ठी चिकटवून मी काय करू गं, तिला नमस्कार करू? म्हणून शिंपीणबाईनं कुत्र्यांच्या पातेल्याच्या कडीला लाल दोरा बांधून दिला. लाल दोरा म्हणजे हवालदार नि गोटी, दोरा नाही म्हणजे मी नि तुझा बाप. मंगळवारी घासताना दोरा सुटला. वाळला की बांधू म्हणून खिडकीत ठेवला, दोन्ही पातेली शिजवून झाकली आणि शिंपीणबाईकडे गेले. परत आले तर तुझा बाप जेवून, हात धुऊन, पाय पसरून बसलेला.

"आई," म्हणाला, "किती दिवसांनी तुझ्या हाताला चव आली आज. फक्त मीठ विसरली होतीस, ते मी घालून घेतलं."

मी झाकण काढलं. तळाशी भोपळा आणि एक चुकार काळीज.

"कलेजी कुठून आणलीस?" त्यानं विचारलं.

म्हटलं, "खाल्लीस ना? मग आता चौकशी कशाला?"

पण कारखान्यातला माणूस तो, चौकशी केल्याशिवाय राहतोय का! कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होतास. "कुत्र्यांना कलेजी," म्हणतो, "आणि मला बटाट्याचा रस्सा?"

म्हटलं, "तुझी कुत्र्यांत बदली झाली तर तुलाही मिळेल. काम फार नाही. दारात पडून राहायचं आणि आल्यागेल्यावर भुंकायचं. त्यातलं दुसरं तुला येतंच."

त्यावर तो रुसून बाहेर जाऊन बसला, हवालदाराच्या शेजारी. मागून बघितलं तर दोघांच्या पाठी सारख्याच.

तू लिहितेस कुत्र्यांना उष्टं घालू नकोस, आणि इथे बाप कुत्र्यांचं ताट पळवतोय! शिंपीणबाई एवढी हसली की मशीनवरची बाही उलटी शिवली गेली. मग दोघी बसून उसवत होतो.

हवालदाराचं पोट जरा बिघडलं होतं. उकाडा आहे. आता बरा आहे. पत्र पुरे, शिंपीणबाईला गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचेत.

आजी


२४ मे

भिंगरे,

तू एवढी हुशार कुणावर गेलीस देव जाणे. तुझ्या पत्रात एकच ओळ. शिंपीणबाईनं ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "बाबांनी कुत्र्यांचं खाल्लं, मग कुत्र्यांनी काय खाल्लं?"

शिंपीणबाई म्हणाली, "आजी, मी म्हटलं होतं, ते उकाड्याचं लिहू नका." हो, म्हटलं होतंस बाई. आता गप लिही.

कुत्र्यांनी घरचं खाल्लं. कांदा घातलेलं, मीठ घातलेलं, बटाट्याचं. आणि ते त्यांच्यापुढे मी ठेवलं नाही. मी तर शेजारी होते. तुझ्या बापानं ठेवलं. होय, त्यानंच, 'मी त्या कुत्र्यांना हात लावणार नाही' म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्यानं. स्वतःचं ताट वाढून घेतलं, तर ही दोघं समोर येऊन बसली. "माझा घास उतरेना," म्हणाला, "म्हणून आधी त्यांना वाढलं." म्हणजे बघ, आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्यांचं करायला गेला आणि त्यांना पातेलं चुकीचं दिलं. ज्याचं करावं भलं! गोटीनं नेहमीप्रमाणे नाक मुरडलं, बटाटा चाटला, कांदा तिथेच. हवालदारानं मात्र तिचंही संपवलं.

मी झाकण काढून कलेजीवरून त्याला बोलत होते ना, तेव्हा मला हसू येत होतं. मग दुसरं पातेलं उघडलं आणि हसू गेलं. "यातलं कुणी खाल्लं?" म्हटलं. त्यानं कुत्र्यांकडे बोट केलं. मी म्हटलं, "त्यात कांदा आहे, मेल्या! कांदा त्यांचं रक्त नासवतो." तो बाहेर जाऊन बसला ते रुसून नव्हे. हवालदाराच्या तोंडात बोटं घालून ओकारी काढायला बसला होता. आली नाही. मग कारखान्यात पळत गेला, काचेच्या पेट्या ओढायची ढकलगाडी मागून आणली, तिच्यात गोधडी घातली नि हवालदाराला बसवून रस्त्यातून निघाला. मी गोटीला काखेत घेऊन मागे. लोक बघत होते. हवालदार राजासारखा मान वर करून बसलेला, त्याला वाटलं आपली मिरवणूकच आहे.

डॉक्टरीणबाईनं टोचून ओकायला लावलं. ओकला तो तुझ्या बापाच्या बुटांवर. बाई म्हणाली, "लवकर आणलंत ते बरं केलंत. पण कांद्याचा त्रास मागाहून होतो. काही दिवस रोज हिरड्या बघत जा. गुलाबी असल्या तर ठीक, पांढुरक्या झाल्या तर तसेच इकडे या."

हिरड्या मी बघायला लागले, तर तुझ्या बापानं मला बाजूला केलं. "रंगाचं मला कळतं," म्हणाला. भट्टीत काच किती तापलीय ते तो रंगावरून सांगतो, ते तुला माहीत आहेच. आता रोज सकाळी हवालदाराला दारातल्या उजेडात आणतो, ओठ वर करतो, एक डोळा मिटून बघतो आणि मला ओरडून सांगतो, "गुलाबी!" शेजारपाजारच्यांना वाटतं घरात रंगकाम काढलंय. काल डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं आणि धोका टळला म्हणाली. तरी आज सकाळी ओठ वर झालाच.

आता दुसरं. तू ते विचारलं नाहीस, पण विचारशील, म्हणून आधीच सांगते: मंगळवारी भरदुपारी बाबा घरी कसे? कारखान्यातली एक भट्टी बंद केलीय. त्याच्या पाळ्या अर्ध्यावर आल्यात. हे तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती. कारण तू जाताना म्हणाली होतीस, हा कारखाना बुडतोय. बुडत नाहीये, नुसता खाली चाललाय. फरक तुला कळेल, लिफ्टवाली ना तू!

म्हणून ती पिशवी परवडत नाही. आणि म्हणून मंडई उठायची वाट बघते. यात कुत्र्यांचा काय दोष, सांग. आमचं अंथरूण आखूड झालं म्हणून त्यांनी पाय का कापून घ्यायचे? ती अंथरुणावर येतच नाहीत. गोटी येते, पण ती उशीवर.

मैत्रिणीला पाठवू नकोस. आता पातेल्याला दोरा नाही, तार गुंडाळलीय, पक्कडीनं पिळून. तुझ्या बापानंच पिळलीय.

आजी


२ जून

भिंगरे,

आज अक्षर वेगळं दिसेल. शिंपीणबाईनं संप केलाय. म्हणाली, "आजी, तुमच्यासाठी दारात खोटं बोलले, तेवढं पुरे. आता कागदावर बोलणार नाही. ज्यानं सुरू केलं त्यानं लिहावं." म्हणून पेन तुझ्या बापाच्या हातात दिलंय. त्याला बजावलंय, माझ्या तोंडातून निघेल ते सगळं उतरव, एक शब्द गाळायचा नाही, मी नंतर वाचून घेणार आहे. कुणाकडून ते सांगणार नाही. लिहिलंस? असं काय बघतोस, हेही लिही.

तू पाठवलीसच तिला. परवा तिसऱ्या प्रहरी गाडी आली. पोरगी चांगली आहे, नम्र आहे, पायपुसण्यावर पाय पुसून उभी राहिली. हा तुझा बाप दारात. मी मागे हवालदाराच्या गळ्यात दोरी अडकवत होते. मनात म्हटलं, झालं, आता हा देणार. रोज म्हणायचा ना, द्या पाठवून, माझा खर्च वाचेल. म्हणत होतास की नाही? मान हलवू नकोस, मान कागदावर उमटत नाही. म्हणत होता.

आणि हा काय म्हणाला असेल? "कुत्री घरी नाहीत."

त्याच वेळी आत गोटी भुंकली.

मैत्रीण म्हणाली, "काका, मग हे कोण भुंकतंय?"

"शेजारचं," हा म्हणाला.

शिंपीणबाई तिच्या दारात उभीच होती, तोंडात टाचण्या धरून. तिच्या घरात मांजरसुद्धा नाही. ती टाचण्यांतूनच म्हणाली, "हो, माझंच. फार द्वाड आहे." तेवढ्यात हवालदार दोरीसकट माझ्या हातातून सुटला आणि दारात येऊन आडवा पडला, नेहमीच्या जागी, याच्या पायावर. आता याला कुणाचा म्हणायचं? हा खाली बघतोय, पोरगी खाली बघतेय, हवालदार वर बघतोय.

"हाही शेजारचाच," म्हणाला तुझा बाप. एवढा मोठा माणूस, भट्टीसमोर उभा राहणारा, कान लाल झालेले.

पोरगी शहाणी. हवालदाराच्या पाठीवरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या, म्हणाली, "शेजारी चांगलं खायला घालतात," आणि रिकामी गाडी घेऊन गेली.

आता तू विचारशील, बाबा खोटं का बोलले. याला विचार. इथेच बसलाय. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कुत्री गेली की..." आणि बूट घालायला लागला. पुढचं मी सांगते. लिही. लिही म्हणते ना.

तुझं पत्र आलं की शिंपीणबाई मला वाचून दाखवते, आणि हा आतल्या खोलीत चपलेचा अंगठा शिवत बसतो. ती चप्पल केव्हाच शिवून झालीय. आता तिला अंगठा कमी आणि दोरा जास्त आहे. ती हळू वाचायला लागली की हा आतून ओरडतो, "मोठ्यानं वाचा, मशीनचा आवाज येतो." मशीन बंद असते. तुझ्या पत्रात याचं नाव नसतं, कुत्र्यांचंच असतं. तेवढ्यावर हा भागवतो. ही दोघं त्या गाडीतून गेली असती तर तू मला कशाला लिहिलं असतंस? वर्षातून एकदा खुशाली. आणि त्यात तरी याला काय मिळालं असतं? म्हणून खोटं बोलला. कुत्र्यांसाठी नाही. हां, थोडं कुत्र्यांसाठीही. थांबलास का? खरं नसेल तर खोड. खोडलं नाहीस ना? मला अक्षर कळत नाही, पण खोडल्याचा आवाज कळतो.

आणि तू. तुझंही सांगते, सुटका नाही. पिशवीतले मणी, अंगण, पगार, सगळं खोटं आहे तुझं. तुला कुत्री न्यायची नव्हतीच. तुला बघायचं होतं, बाप देतो का. बघितलंस? आता पुरे. एकाला काच फुंकता येते, एकीला यंत्र खोलता येतं, आणि दोघांना मिळून एक 'कशी आहेस, कसे आहात' म्हणता येत नाही. त्यासाठी एक निरक्षर म्हातारी, एक शिंपीण, दोन कुत्री आणि दोन पातेली लागतात. किती खर्चिक माणसं आहात रे तुम्ही! आणि काटकसर शिकवता मला.

दमले मी. मघापासून मी गप्प बसलेय आणि पेन चालूच आहे. काय लिहितोयस? दाखव. दाखवून काय उपयोग म्हणा. वाचून दाखव. नाही दाखवत. बरं.

मंडई उठायची वेळ झाली, मी निघते. कुत्र्यांना सोबत नेते, गोटीची शेपटी बघितली की भाजीवाली हात मोकळा सोडते. तुमचं चालू द्या.

आजी


आई गेली. वर लिहिलंय ते सगळं तिनं सांगितलं तसंच उतरवलंय. चपलेचं जरा वाढवून सांगितलंय.

कामाला निघालो की हवालदार कोपऱ्यापर्यंत येतो. मी डब्यातला पाव त्याला देतो, अर्धा. आईला माहीत नाही. पाव चालतो का ते तुझ्या ओळखीच्या कुणाला विचारून कळव. नसेल चालत तर बंद करतो.

तू काय जेवतेस तिकडे?

बाबा